आगोटीतलं खारं पाणी

आमच्या घरात समुद्र आहे असं मी माहेरी सांगितलं तेव्हा माझी आई कपाळाला हात लावून बघायला लागली, पोरीला ताप आलाय का म्हणून. पण होता खरंच. एका बऱ्यापैकी ट्रंकेएवढा, काचेचा, सासऱ्यांच्या खाटेसमोर बाकड्यावर ठेवलेला. आत खारं पाणी, तळाला वाळू, दोन दगड आणि थोडेसे जीव. आता माझी पोर शाळेत जाते आणि बाईंना सांगते की आमच्या घरी समुद्र आहे, आणि बाई तिच्याही कपाळाला हात लावत असतील.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या. मामा तांडेल होते, म्हणजे होडीवरचे मुख्य, ते बोट दाखवतील तिकडं होडी जायची आणि ते गप्प बसले की सगळे खलाशी गप्प. माझं लग्न झालं त्याच वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणंही गेलं, दोन-चार शब्द तेवढे राहिले आणि तेही ओढून काढल्यासारखे. आमचं घर बंदराच्या मागच्या गल्लीत, समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही. मामांनी भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. पेज भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटायचे. आत्या बाजारात मासे विकायला जाणार, घरात मी, पोटात पोर, आणि हा एवढा मोठा माणूस भिंतीकडं बघत पडलेला. मला त्यांची इतकी भीती वाटायची की वाटी ठेवून मी दाराआडून बोलायची, मामा, खा ना हो, खा ना हो, आणि आत पाऊल टाकायची नाही.

पोरीचे बाबा मुंबईला काचेच्या दुकानात कामाला, शोकेसच्या काचा कापायचं काम. तिथं त्यांनी कुणाच्या तरी घरी अशी पेटी बघितली आणि स्वतःच काचा कापून, चिकटवून, गोधडीत गुंडाळून एसटीतून मांडीवर घेऊन आले. सगळी एसटी विचारत होती म्हणे, काय हो, देव आणलात काय? ते म्हणाले, देव नाही, बापाला खिडकी आणलीय. सोबत हवेची छोटी मोटर, तिची नळी, आणि वाळूखाली घालायची भोकांची प्लास्टिकची जाळी. हवा वर येताना वाळूतून पाणी ओढते आणि घाण वाळूत अडकते, असं त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं. मला एवढंच कळलं की मोटरला ओला हात लावला तर मरायचं. त्या मोटरजवळ मी अजूनही रबरी चपला घालून जाते.

ओहोटीला आत्यानं खडकांच्या डबक्यातून दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणले, नखाएवढे. एक मातकट मासा आणला, डोकं मोठं, दगडावर कोपर टेकून बसल्यासारखा बसायचा. थोडे काचेवर चालणारे शंख, दगडाला चिकटलेलं एक फुलासारखं, हात लावला की मिटणारं, आणि रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, त्याला आत्या भाडेकरू म्हणायची. "बघ गो, भाडं नाय देत आन् घर घेऊन फिरतो."

पाणी निवळलं त्या दुपारी मामांनी मान वळवली. मी बघितलं ते. आधी डोळे वळले, मग मान, मग डाव्या हातानं खाटेची पाटी धरून अख्खे वळले. आत्यानं वाटी पुढं केली. ते माशांकडं बघत राहिले आणि तोंड आपोआप उघडलं. तेव्हापासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलून कुणी दाखवलं नाही, की मासे जगले तर मामा जेवतील.

आणि मासे जगवायचं काम आत्याचं. काय सांगू मी त्या बाईबद्दल. पहाटे बंदरावर, दिवसभर बाजारात, आल्यावर हात धुणार ते साबणाशिवाय, नुसत्या पाण्यानं आणि राखेनं, मग पुन्हा पाण्यानं, वास घेऊन बघणार आणि मगच पेटीत हात घालणार. साबणाचा एक बुडबुडा गेला तर सगळे मरतील म्हणायची. एका कोळंबीचे बारीक तुकडे, चिमटीत राहतील एवढे, तेही एकेक सोडायची आणि खाल्लेलं बघूनच दुसरा. मी एकदा जास्त टाकलं, मला वाटलं बिचारे उपाशी, तर माझं मनगट धरलंन. "माश्याला उपास घडला तर तो मरत नाय गो बाय. उष्टं रायलं की मरतो." काचेवर हिरवं धरलं तर समोरची काच पुसायची, मागची नाही, मागचं शंखांना खायला. आठवड्यानं रबरी नळी तोंडानं ओढून वाळूतली घाण टोपात काढायची. मी ओढली तर माझ्या घशात समुद्र गेला, आणि मामा हसले. आवाज नाही आला, पोट हललं नुसतं. आत्या म्हणाली, "रोज पी गो, औषध हाय ता."

सगळ्यात मला नवल वाटायचं ते तिच्या आगोटीचं. आगोट म्हणजे पावसाच्या आधी घरात भरून ठेवायचं सगळं, लाकडं, शेणी, कुळीथ, आमसुलं, सुके बोंबील, मीठ. माझ्या माहेरी खेडच्या बाजूला पण भरतात, त्यात नवल नाही. पण ही बाई आगोटीत समुद्र भरायची. पाऊस लागला की नद्यांचं लाल पाणी खाडीतून समुद्रात येतं, किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं आणि त्याचा खारटपणा जातो, ते पेटीत घालून चालत नाही. म्हणून वैशाखातच भरतीच्या वेळी मिऱ्या गावाच्या बाजूला जायचं, खाडीपासून लांब, आणि स्वच्छ पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचं. मग जुन्या लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि मामांच्या खाटेखाली अंधारात ओळीनं ठेवायचं. गल्लीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या.

"काय गो, समुद्र काय गावाला चाललाय, भरून ठेवतेस तो?"

"समुद्र कुठं जातोय? पाऊस येतोय ना पाहुणा. पाहुणा आला की घरचं पाणी ढवळतो, तुज्या भावासारखा."

दोन डोक्यांवर दोन कॅन, एक तिच्या आणि एक माझ्या, पोर माझ्या आईनं शिवलेल्या झोळीत, आणि आत्या वाटेत सगळ्यांना उत्तरं देत पुढं. मी मागून घाबरत, पाय घसरेल, पाणी सांडेल, पोर पडेल. तिचा एक थेंब सांडायचा नाही.

पोर अजून झोळीत होती त्या वर्षी आगोट भरून झाली आणि जयगडहून निरोप आला, नणंदेचे दिवस भरले, आई पाहिजे. आत्या जायला निघाली. मी पदर धरला तिचा. म्हटलं आत्या, माझ्याच्यानं नाही होणार, मासे मेले तर, मामा जेवले नाहीत तर. ती पिशवी भरता भरता म्हणाली, "घर सांभाळतेस, पोर सांभाळतेस, ह्यांना सांभाळतेस. हातभर पाणी सांभाळशील नाय तर काय?" काचेवर चिकटपट्टीची खूण होती. "उन्हानं पाणी उडतं, पण मीठ उडत नाय, ता तिथंच रातं. म्हणून खुणेपर्यंत रोज गोडं पाणी घालायचं, विहिरीचं. खारं घातलंस तर खारट जहर व्हईल. कॅनना हात लावू नको, ते पावसाचे." एवढं सांगून एसटीला गेली.

आता वैशाखातली विहीर. तळ दिसायला लागलेला, पोहरा टाकला की खालचा गाळ येणार आणि पाण्यात वळवळणारं काहीतरी. हे मासे किती नाजूक, साबणाच्या बुडबुड्यानं मरणारे, त्यांना मी हे घालू? माझ्या माहेरी आजारी माणसाला, बाळंतिणीला, देवाला, सगळ्यांना तांब्याच्या कळशीतलं पाणी. तांब्यात रात्रभर ठेवलं की पाणी शुद्ध होतं, हे मला शाळेत नाही शिकवलं, हे मला जन्मापासून ठाऊक. लग्नात आईनं दिलेली कळशी माळ्यावर होती ती मी काढली. चिंच-मीठ लावून अशी घासली की तोंड दिसायला लागलं. विहिरीचं पाणी गाळून त्यात भरायचं, सकाळी निवळलेलं वरचं वर तांब्याभर घेऊन पेटीत खुणेपर्यंत सोडायचं, हळूहळू, मनात देवाचं नाव घेत. मला वाटायचं आत्यापेक्षा मी काकणभर जास्तच काळजी घेतेय.

आधी काचेवरचे शंख खाली पडले. मला वाटलं उन्हानं. मग दगडावरचं फूल मिटलं ते उघडेना, आक्रसून सुपारीएवढं झालं. मग एका सकाळी बघते तर भाडेकरू घराबाहेर. शंख एकीकडं आणि तो एकीकडं, उघडा, मऊ, पोरीच्या करंगळीसारखा. मी ओरडलेच. मासे हवेच्या बुडबुड्यांपाशी तोंड वर करून लोंबत होते.

मामांनी बघितलं सगळं. मी पेजेची वाटी घेऊन गेले तर ओठ मिटलेले. म्हटलं झालं, आता परत भिंतीकडं वळणार. काय करू, कुणाला विचारू, जयगडला निरोप कसा धाडू, पोर रडतेय, मोटर घरघरतेय. मला सुचलं ते एकच, पाणी खराब झालंय, चांगलं पाणी घालूया, आणि मी कळशी उचलून आणली.

मामांचा डावा हात उठला. कळशीकडं. बोट ताठ. मला वाटलं तहान लागलीय. फुलपात्रात ओतून त्यांच्या ओठाला लावलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं घ्या ना मामा, थोडं घ्या. पुन्हा लावलं. त्यांनी हातानं असा फटका मारला की फुलपात्र उडून खाटेखाली. पोर किंचाळली. मी पण रडायला लागले, तिथंच खाली बसून, पदर तोंडात कोंबून.

"नको," मामा म्हणाले. "तिकडं… नको."

मी वर बघितलं. त्यांचं बोट कळशीवरून पेटीवर गेलं, पुन्हा कळशीवर आलं.

"ही नको? पेटीत ही नको?"

त्यांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे हो. मग बोट खाली, खाटेखाली.

"काढ."

"कॅन? आत्या म्हणाली हात लावू नको. पावसाचे आहेत ते मामा, मग पावसात काय?"

"काढ!"

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खलाशी का गप्प बसायचे ते मला कळलं. माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं, पोरीचंही.

मी नळी लावली, तोंडानं ओढली, घशात गेलं ते गिळलं. टोप भरला, ओतला, पुन्हा भरला. मामांचा हात हवेत होता, पालथा, आणि पाणी उतरेल तसा खाली येत होता. पाणी अर्ध्यावर आलं आणि हात मुठीत मिटला. थांब. मग कॅनचं फडकं सोडलं. मी भसकन ओतायला गेले तर म्हणाले, "हळू." वाळू उडू नये म्हणून वाळूवर बशी ठेवली आणि बशीवर धार सोडली. पोर माझ्या कमरेवर, कॅन माझ्या दंडावर, घाम डोळ्यात, आणि तो हात समोर कधी सरळ, कधी पालथा, कधी बोटांनी बोलावणारा. मी त्या हाताकडं बघून काम करत होते, माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, भीतीसुद्धा नव्हती. धार जाड झाली की दोन बोटं जवळ यायची. मी धार बारीक करायची. असं पाणी भरणारं माणूस मी बघितलं नव्हतं, खाटेवर पडून, एका हातानं, दुसऱ्याच्या अंगानं.

खूण आली. "बस," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पेज."

मी पळत जाऊन वाटी आणली. गार झाली होती. खाल्लीनी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धं काढायला लावलं, त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. मेलेले शंख बोटानं दाखवायचे, एकेक, वाळूत अर्धवट गेलेले सुद्धा, आणि मी चिमटीनं काढायची, वास मारायच्या आत. भाडेकरू गेला. मी वाटीत उचलला तर वाटलं मामा बघून तोंड फिरवतील. ते म्हणाले, "टाक," आणि बोट पुढच्या कामावर, काच पूस. पट्ट्यांचे मासे बुडबुड्यांपासून सुटून खाली फिरायला लागले. मातकट मासा पुन्हा दगडावर कोपर टेकून. आणि कॅन एकामागून एक रिकामे. शेवटी एकच उरला तेव्हा त्यांनी हात आडवा केला, पुरे.

आत्या आली ती पहिला पाऊस अंगावर घेऊन. नातू झाला म्हणून पेढे काढले, मामांच्या तोंडात एक घातला, आणि पाय लांब करून बसता बसता खाटेखाली बघितलंन. मी दारात पोरीला घट्ट धरून.

"माझा समुद्र कुणी पिलान?"

मामा म्हणाले, "मी." मग दम घेऊन, "मी सांगितलं."

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. एवढे शब्द एका जागी तिनं किती दिवसांत ऐकले नव्हते. मग मी सगळं सांगितलं, कळशी, चिंच, शंख, फुलपात्र, एका श्वासात, मध्ये मध्ये रडत. ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारलान.

"अगो, होडीच्या बुडाला तांब्याचा रंग कशाला लावतात, ठाव हाय? कालवं धरू नयेत, शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून. तांबं लागलं की ते जीव मरतात. ह्यांनी जन्मभर ता रंग लावलान होडीला. आन् तू नेमकं ताच पाजलंस त्यांना!" आणि हसायला लागली, पेढा हातात, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. "देवाचं पाणी घातलान समुद्राला! समुद्राला सोवळं नेसवलान!" मामांचं पोट हलत होतं.

मला तिचं हसणं ऐकून रडू फुटलं आणि मग हसूही. पण एक सांगते, मी आजही कळशीतलं पाणी पिते. मला चालतं.

पावसात मात्र पंचाईत. कॅन एक, आणि पेटीला पाणी बदलायलाच पाहिजे. आत्या म्हणाली, जाऊ, मिळेल तसं आणू. मामा म्हणाले, "नाय." किती दिवस नायच म्हणत होते. खिडकीतून वारा कुठून येतो ते गालानं बघायचे, पत्र्यावरचा पाऊस ऐकायचे. आत्या चिडायची, "तुमचा समुद्र तुमच्याजवळ ठेवा," म्हणायची, आणि माझ्याकडं वळून डोळे मिचकावायची. मग दोन दिवस उघडीप पडली आणि एका दुपारी मामांनी बोट दाराकडं केलं. "भरती."

आम्ही गेलो. मिऱ्यापर्यंत चिखल, पोर पाठीला. आत्या गुडघाभर पाण्यात, मी काठाला, लाटा मातकट नव्हत्या पण निळ्याही नव्हत्या. कॅन भरला, आळीपाळीनं डोक्यावर घेत घरी आणला. आत्यानं तळहातावर थोडं घेऊन मामांच्या ओठाला लावलं. त्यांनी जिभेवर घोळवलं, डोळे मिटले. मग त्यांनी बाजूच्या तस्तात थुंकलंनी.

"खाडी," म्हणाले. "परत."

"काय? परत?" आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब, केसातून पाणी. "एवढ्या लांबनं आणलंय, पाठ मोडली माझी, आन् परत? तुमच्या खलाशांना बोलवा, मी नाय जात!"

मामांचं बोट दाराकडं गेलं, मग जरा उजवीकडं. म्हणजे पुढच्या खडकापर्यंत जा, आणखी लांब.

आत्या बडबडत होती. मेला सुधारणार नाय, खाटेवर पडला तरी तांडेलच, होडीवर असताना पण असाच, सगळ्यांना पळवायचा. आणि बडबडता बडबडता कॅन उपडा करून पाणी अंगणात ओतत होती, पदर खोचत होती, आणि तिचा चेहरा मी बघितला. माझ्या लग्नानंतर मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती.

"चल गो," मला म्हणाली, "पोरीला दूध पाज आधी. हुकूम आलाय."